लिंबाची चकती

दत्ता, तुझ्यावाचूनची पहिली बैठक परवा झाली. तेराव्यानंतरचा पहिला शनिवार. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी काही ठरवलंही नव्हतं. ऑफिस अर्ध्या दिवसाने सुटलं आणि अंधेरीला उतरल्यावर सावंत आपल्या घराकडे न जाता तुमच्या जिन्याकडे वळला. पाठोपाठ मीही. वर जाऊन बघतो तर अप्पा तळमजल्यावरून आमच्याआधीच येऊन गच्चीवर सतरंजी पसरून बसलेले. पेन्शनीतल्या माणसाला वेळ भरपूर, हे तुझंच वाक्य. पाण्याच्या टाकीला टेकून बसायची तुझी जागा तेवढी मोकळी होती आणि तिकडे कोणी बघत नव्हतं.

अप्पा म्हणाले, "विनायक, तुला लिहिता येतं. पुढच्या शनिवारी दत्तावर चार शब्द लिहून आण आणि इथेच वाच. सभा नको, हार नको. आपली माणसं आहेत." मी गंभीरपणे मान डोलावली. खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. तुझा सगळ्यांत जवळचा मित्र कोण, हे जणू अप्पांनी जाहीरच केलं होतं. मनात मी पहिलं वाक्य जुळवायलाही लागलो होतो. मग वहिनी ट्रे घेऊन वर आल्या, आणि त्या जे सहज बोलून गेल्या त्यासरशी माझं ते पहिलं वाक्य जे गेलं ते गेलंच. आता हे जे लिहितोय ते शरमेने लिहितोय. पण ते नंतर. आधी तुझ्याशी थोडं नीट बोलू दे, कारण ते सांगून झाल्यावर मला तुझ्याशी सलगी करता येईल असं वाटत नाही.

तुझा शनिवार गुरुवारपासून सुरू व्हायचा. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर पाकिटांवर शिक्के मारता मारता तू हळूच विचारायचास, "विनू, या वेळी कोण कोण रे?" मी नावं सांगायचो आणि तुझा विचार सुरू. सावंतला गोड चालत नाही. अप्पांना दात नाहीत, बर्फ बारीक हवा. सावंतचा मेहुणा पुण्याचा, तो कशालाही नावं ठेवणार, त्याला पहिला ग्लास जरा तिखट द्यायचा म्हणजे बोलती बंद होते. घरात लग्न काढलेल्या माणसाने करावी तेवढी काळजी तू एका संध्याकाळच्या पेयाची करायचास. मी म्हणायचो, "अरे, सरकारने दारूबंदी केलीय. मिळेल ते गपचूप प्यावं माणसाने." तू म्हणायचास, "गपचूप प्यायचं म्हणून काय वाईट प्यायचं?"

बोटीवर काम करणाऱ्या तुझ्या मामाने कॉकटेल हा शब्द तुमच्या घरात आणला. आमच्या घरात तो शब्द कोणी ऐकला असता तर मला आंघोळ घातली असती. मामाच्या बोटीवर साहेब लोक काय काय एकत्र करून पितात ते ऐकून तू आपल्या मालाने तेच करायला बघायचास. आपला माल म्हणजे खारदांड्याहून सुक्या बोंबलांच्या टोपलीखालून येणारं 'औषध'. त्याला बोंबलांचा वास, आणि वास नसता तरी ते घशाखाली उतरायला माणूस शूरच लागला असता. शहाळ्याच्या पाण्यात तू ते घातलंस तेव्हा सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. थंड चहात घातलंस तो शनिवार तर आपण पुढे कधी बोलायचाच नाही असं ठरवलं. सावंतने आपला ग्लास तुळशीत ओतला आणि ती तुळस गेली, असं तो अजून शपथेवर सांगतो. मला खात्री आहे की ती पाण्यावाचून गेली.

मग तुझ्या गावाहून आगळ आलं आणि तुला वाट सापडली. आमसुलाचा तो रंग, त्यात जिऱ्याची पूड, आल्याचा रस, चार मिरी ठेचून, साखर बेताची, वरून गोळीच्या बाटलीतला सोडा. तुझं म्हणणं असं की गोड एकाला आवडतं, कडू दुसऱ्याला, पण आंबट सगळ्यांना चालतं. आणि दुसरा फायदा रंगाचा. कोणी जिना चढून वर आलंच तर काय दिसणार? शेजारीपाजारी गच्चीवर आमसुलाचं सरबत पीत बसलेत. ज्याला औषध हवं त्याला औषध, नको त्याला नुसतं सरबत, ग्लास सगळे सारखे. "बसलेल्यात कोण पिणारा आणि कोण न पिणारा हे बघणाऱ्याला कळता नये, आणि बसलेल्यांनाही कळायचं कारण नाही," असं तू म्हणायचास. हे मी तेव्हा फार मनावर घेतलं नाही. मी वाद घालत होतो की उसाच्या रसात आलं लिंबू घातलं तर आगळाच्या तोंडात मारेल. तू म्हणायचास, ऊस काळा पडतो. मी म्हणायचो, पाच मिनिटांत प्यायला तर कशाला पडतो काळा? हा वाद तसाच राहिला. आता मी म्हणतो तेच खरं, कारण उत्तर द्यायला तू नाहीस. मला असं जिंकायचं नव्हतं रे.

ग्लासांच्या काठाला तू पुदिन्याची डहाळी लावायचास. माझ्या एकट्याच्या ग्लासाला लिंबाची चकती. मी एकदा पुदिन्याला नावं ठेवली होती, गाईचा चारा म्हणालो होतो, म्हणून तू माझ्यासाठी ही वेगळी सोय केलीस अशी माझी समजूत होती. मला तिचा अभिमान होता. सावंतच्या त्या पुण्याच्या मेहुण्याने एकदा विचारलं, "यांनाच का लिंबू?" मी म्हणालो, "मान असतो एकेकाचा." तू हसलास. संकष्टी शनिवारी आली की अप्पांच्या ग्लासालाही चकती यायची. अप्पांचा त्या दिवशी उपास. हे मी दर वेळी डोळ्यांनी बघत होतो, आणि माझ्या डोक्यात काही म्हणून उजेड पडला नाही.

आणि मला चढायचीही फार छान. हे सगळ्या बैठकीला ठाऊक होतं. अर्ध्या ग्लासात माझे कान गरम व्हायचे. पहिला संपला की मी नाट्यपदं म्हणायचो, दुसऱ्यात साहेबाची नक्कल. घरी जाताना जिन्याचा कठडा धरून उतरायचो. सावंत म्हणायचा, "विन्याला बघ, कमी खर्चात काम." मला मनातून वाटायचं की आपण मोकळ्या स्वभावाचे आहोत, इतरांसारखे घुमे नाही. एरवी ऑफिसात आणि घरात तोंड मिटून असतो, पण आत एक दिलदार माणूस आहे आणि तो शनिवारी बाहेर येतो. त्या दिलदार माणसाने तुला काय ऐकवलं ते आता सांगतो. तुला सांगायची गरज नाही, पण मला सांगायचं आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वीचा एक शनिवार. उन्हं उतरली होती. अप्पा, सावंत, मी, आणि माझा धाकटा भाऊ मधू, तो कठड्याशी उभा राहून रस्त्याकडे बघत होता. तू सगळ्यांचे ग्लास भरलेस, स्वतः खाली बसलास आणि कधी नव्हे तो अडखळलास.

"विनू, एक विचारायचं होतं," तू म्हणालास. "आमची शकू आणि तुझा मधू... दोघांच्या मनात आहे रे. मधूच मला म्हणाला, दादाला तुम्ही विचारा. घरात तू मोठा. तू हो म्हणालास तर मी आईच्या कानावर घालतो."

मी घोट घेतला. मग म्हणालो, आणि चांगलं मोठ्याने म्हणालो, "दत्त्या, ग्लास भरायचं काम तुला झकास जमतं. तेवढंच कर ना. तुझ्या हातचं पितो म्हणजे तुझी बहीण आमच्या स्वयंपाकघरात घेईन असं नव्हे. गिरणीतल्या माणसाची पोर आणि आमचा मधू! परळच्या चाळीत बघ एखादा."

शकू जिन्याच्या दारात उभी होती, हातात कांदाभज्यांचं ताट. ती आल्याचं आम्हा कोणालाच कळलं नव्हतं. तिने ताट उंबऱ्यावर ठेवलं आणि खाली गेली. मधूही गेला, माझ्याकडे न बघता. तू उठून जग उचललास. "सावंत, तुझा रिकामा झाला की," म्हणालास आणि त्याचा ग्लास भरलास. भजी निवून गेली. मला वाटतं मी त्यातली दोन खाल्लीही.

सोमवारी ऑफिसात मी तुझ्या टेबलापाशी आलो. "दत्ता, परवा जरा जास्तच झाली रे. काय बोललो तेही धड आठवत नाही." आठवत होतं. शब्दन् शब्द आठवत होता. तू पाकिटं लावत होतास, वर बघितलं नाहीस. ऑफिसात तू कधी मालवणी बोलायचा नाहीस, त्या दिवशी बोललास.

"जांव दे मरे. माझोच हात जड पडलो."

आणि मी, दत्ता, मी तुला काय म्हणालो? मी म्हणालो, "पुढच्या वेळी जपून घाल."

तू म्हणालास, "घालतंय."

मला सुटल्यासारखं झालं. मधूला आणि बाकीच्यांनाही मी तेच सांगितलं, दत्ताचा हात जड पडला. नशेतलं बोलणं कोणी खरं धरायचं नसतं, तेव्हा मी नाही म्हटलंच नव्हतं. आणि पुन्हा कोणी विचारलं नाही, तेव्हा हो म्हणायची वेळही आली नाही. इतकी सोयीची गोष्ट माझ्या आयुष्यात दुसरी घडली नसेल. मधूने नागपूरला बदली मागून घेतली. मी लोकांना सांगितलं, बढतीच्या आशेने गेला. शकू मालाडच्या शाळेत शिकवायला लागली. दोघांपैकी कोणाचंच लग्न झालं नाही आणि त्याचा माझ्याशी काही संबंध आहे असं मी स्वतःला वाटू दिलं नाही. पुढच्या शनिवारी गच्चीवर आलो तर माझ्या ग्लासाला चकती होतीच. मी समजलो, दत्ताने मनावर घेतलेलं नाही.

तर परवा वहिनी वर आल्या. पांढरं पातळ, हातात तोच ट्रे. आम्ही उठलो, म्हणालो वहिनी कशाला, आज काही नको. त्या म्हणाल्या, "असू दे. त्यांची बैठक आहे. सुकी कशी होईल?" ग्लास पुढे केले. सगळ्या ग्लासांना लिंबाची चकती.

"आज सगळ्यांनाच लिंबू?" मी विचारलं. मला, खोटं कशाला बोलू, किंचित खटकलं होतं.

"आज सगळे कोरेच ना, भावजी. तुमच्यासारखे."

अप्पा आणि सावंत आपले ग्लास घेऊन टाकीकडे सरकले होते. मी म्हणालो, "माझ्यासारखे म्हणजे?"

त्यांना वाटलं मी त्यांना हसवायला बघतोय. त्या हसल्याही थोडं, तू गेल्यापासून पहिल्यांदाच असेल. "चकती म्हणजे कोरा, पुदिना म्हणजे औषधाचा. आमच्या स्वयंपाकघरातली खूणच ती. तुमचा ग्लास आधी भरून बाजूला ठेवायला लावायचे. म्हणायचे, विनूच्यात चुकून थेंब जाता नये, आणि आलं-मिरी दुप्पट घाल, घशात जळलं पाहिजे त्याच्या. तुमच्या काविळीपासून कायम कोराच होता की. तुम्हीच सांगितलंत ना त्यांना?"

मी म्हणालो, "हो, मीच." ग्लास तोंडाला लावला. आल्याने घसा जळला आणि कान गरम झाले, अगदी नेहमीसारखे.

घरी जाऊन सुशीलाला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. "मी सांगितलं होतं दत्ताभावजींना," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले होते, आता एक घोटसुद्धा विष. तुम्ही ऐकणाऱ्यातले नाही. मी म्हटलं, त्यांना बैठकीला बोलावूच नका. तर म्हणाले, वहिनी, त्याला बैठकीतून उठवू नका, तो एकटा पडेल. मी बघतो काय ते."

"आणि मी गात गात जिना चढायचो तेव्हा?"

"मला एकदा शंका आली होती. मुद्दाम जाऊन विचारलं. देवाशप्पथ एक थेंब नाही म्हणाले. मग मी काही बोलले नाही. तुम्ही खुशीत असायचात." तिने सुपातला खडा काढून टाकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "शकूबद्दल बोललात त्या दिवशीही मी त्यांना विचारलं होतं. म्हटलं, आज तरी चुकून गेली होती का? ते गप्पच बसले."

म्हणजे तुला ठाऊक होतं. मी बोलत असताना, तू माझ्यासमोर बसलेला असताना, तुला ठाऊक होतं की हा शुद्धीवर आहे. हा जे बोलतोय ते आमसुलाच्या सरबतावर बोलतोय. माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते माझंच होतं, आमच्या घरातलं, माझ्या वाडवडिलांनी मला शिकवलेलं आणि मी ऑफिसात, गच्चीवर, तुझ्या पंगतीला बसून पोटात जपून ठेवलेलं. दारूचं नाव फक्त मी त्याला दिलं होतं. आणि सोमवारी मी तुझ्यासमोर उभा राहून आठवत नाही म्हणालो तेव्हा तू एका वाक्यात मला उघडा पाडू शकला असतास. नुसतं म्हणायचं होतंस, विनू, तुझ्या ग्लासात काही नव्हतं रे. मी कुठे तोंड लपवलं असतं? ते न करता तू दोष स्वतःवर घेतलास आणि वर माझं बोलणंही ऐकून घेतलंस. जपून घाल म्हणे!

दोन दिवस मी एकाच गोष्टीपाशी अडकलोय. तू मला माफ केलंस, की माझ्याकडून याहून वेगळी अपेक्षाच सोडून दिलीस? माफ केलं असशील तर मी तुझा ऋणी आहे, आयुष्यभर. अपेक्षा सोडली असशील तर तू बरोबर होतास. तुझ्या तोंडाकडे बघून मला ते कधी कळलं नाही. मी नीट बघितलंच कुठे होतं? आणि गंमत बघ, लिव्हर बिघडलेलं माझं, ते तू तुझ्या आल्या-मिरीने सांभाळलंस, आणि साध्या टायफॉइडने गेलास तू. आजारपणात मी तुला भेटायला येत होतो. खाटेशी बसून मोसंबी सोलत होतो. एक शब्द बोललो असतो तर चाललं असतं. तू तर त्यालाही जांव दे म्हणाला असतास, म्हणून मी तेवढंही केलं नाही.

मधू तेराव्याला आला तो अजून इथेच आहे. रेशनकार्ड, ऑफिसातले तुझे कागद, वहिनींची सगळी कामं तोच करतोय. शकूशी बोलतो की नाही मला माहीत नाही, मला कोणी सांगत नाही आणि विचारायचं तोंड मला नाही. रविवारी तो नागपूरला जाणार. शनिवारी बैठकीला थांबतोय. शकूलाही वर घेऊन या असं मी वहिनींना सांगितलंय. त्यांनी मला ते दोनदा म्हणायला लावलं, पण हो म्हणाल्या.

अप्पांनी सांगितलेले चार शब्द ते हेच. इथे लिहिलंय तसं वाचणार आहे, वगळून काही नाही. माझ्या ग्लासाला नेहमीसारखी चकती लावा, म्हटलंय, काठावर, सगळ्यांना दिसेल अशी. वाचायच्या आधी तिचा अर्थ सांगेन. मग मधूला आणि शकूला सगळ्यांदेखत विचारेन, तुमच्या मनात अजून आहे का? ते नाही म्हणाले तर त्यांचा हक्क आहे. शकूने ग्लास माझ्या तोंडावर भिरकावला तरी तिचा हक्क आहे. मी पळून जाणार नाही.

आणि सावंतला, अप्पांना, मधूला जी एक गोष्ट इतकी वर्षं खरी वाटत आली ती मीच खोडून टाकणार आहे. दत्ता, त्या दिवशी तुझा हात जड पडला नव्हता.